जुन्या नाण्याची किंमत

मी जुन्नरचा म्हटलं की होस्टेलवर हमखास प्रश्न येतो, "जुनं नाणं आहे, किती येतील?" मित्रांनो, नुसत्या वयाला भाव नसतो. सातवाहनांची झिजलेली शिशाची, तांब्याची नाणी स्वस्तच जातात. आधी खरेपणा बघा: ठशाने पाडलेल्या चांदीच्या नाण्याच्या कडेला साच्याची रेघ दिसली, तर ते नकली समजा. मग अक्षरांचा स्पष्टपणा आणि दुर्मिळता. चिंचेने घासू नका, भाव उतरतो.

मानमोडीच्या लेण्यात नहपानाच्या मंत्र्याचा लेख आहे. त्याच नहपानाची १३ हजारांवर नाणी १९०६ मध्ये नाशिककडे जोगळटेंभीला सापडली. बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा! साठा एकत्र राहिला म्हणून नहपानाचा पराभव कळला. म्हणून शेतात ठेवा मिळाला तर फोडून विकू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरना कळवा.