‘पाहणे’ आणि तीन मराठी चित्रपट

चित्रपट हे केवळ करमणुकीचे साधन आहे, असे मानणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. करमणूक मलाही हवी असते. परंतु चांगला चित्रपट आपल्याला नीट पाहायला शिकवतो, असे माझे मत आहे. २०२५ साली प्रदर्शित झालेले तीन मराठी चित्रपट या कसोटीवर तपासून पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

मार्च महिन्यात आलेला जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा तर ‘पाहण्या’विषयीचाच चित्रपट. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला होता. विदर्भातील एका खेड्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता बी. ए. करते आहे. तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. घरच्यांना तिचे लग्न उरकायचे आहे. आरंभी सविता स्वप्नात एका मुलाला पाहायला जाते आणि प्रश्न ती विचारते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. पाहुणे येतात, पोहे होतात, मुलगी स्टुलावर बसते. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, छंद कोणते? हेच दृश्य पुन्हा पुन्हा येते आणि मघाचा हशा हळूहळू विरून जातो. ‘तेच ते किती दाखवायचे?’ अशी तक्रार कुणी करील. पण आपल्याला दोन तासांत जे कंटाळवाणे वाटते, ते सविताला वर्षानुवर्षे सोसायचे आहे. पुनरावृत्ती हा येथे दोष नसून तोच आशय आहे. कापसाला भाव नाही म्हणून हवालदिल झालेला बापही दिग्दर्शकाने खलनायक केलेला नाही. त्यामुळे राग नेमका कोणावर काढावा, हे प्रेक्षकालाच ठरवावे लागते.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. तिथे बालमित्र बाळ्या त्याला भेटतो आणि जुन्या मैत्रीतून दोघांचे प्रेम उमलते. नातेवाईक मात्र एकच प्रश्न विचारीत राहतात : लग्न कधी? म्हणजे सविताच्या मानेवरचे जू येथे मुलांच्या मानेवर आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कोठे गहिवरावे याची सूचना कोणी देत नाही. आनंदची आई सारे जाणून आहे आणि मुलाच्या बाजूने उभी आहे. तिचे साधे बोलणे मला कोणत्याही भाषणापेक्षा मोठे वाटले. बाहेरून काटेरी, आत गोड अशा फळाचे नाव या कथेला शोभते.

त्याच महिन्यात सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ही आला. कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री यांची दृष्टी मंदावत चालली आहे, तरी रंगभूमी सुटत नाही. प्रदर्शनाच्या वेळी ८१ वर्षांचे असलेले दिलीप प्रभावळकर या भूमिकेत केवळ अप्रतिम आहेत. बापलेकाचा जिव्हाळा आणि कोकणातले रान यांमुळे पूर्वार्ध मनात घर करतो. उत्तरार्धात मात्र खाणीविरुद्धचा लढा सूडकथेच्या वाटेने जातो. संगीत चढते, संवाद टाळ्या मागतात आणि त्या मिळतातही. परंतु जंगल गेल्यावर गावाचे नेमके काय जाते, हा प्रश्न खलनायकाच्या शासनाबरोबर मिटल्यासारखा वाटतो. तो प्रत्यक्षात मिटत नाही. हा चित्रपट मला आवडला, तरी त्याने माझ्याकडे विचार करण्याचे काम थोडेच ठेवले.

मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी काढलेला चित्रपट आणि महोत्सवात गाजलेला चित्रपट यांना एकाच मापाने मोजू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. पण प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवण्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

आपल्या महाविद्यालयात ‘स्थळ’ची चर्चा केवळ कलाकृती म्हणून होऊ नये, असे मला वाटते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या कित्येक मैत्रिणी परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबर पाहुण्यांच्या तारखाही सांभाळीत असतात. स्त्री-सक्षमीकरणावरील टिपणे आपण सारेच उतरवून घेतो. तीच टिपणे उतरवून घेणारे आपले वर्गबंधू उद्या मुलगी पाहायला जातील, तेव्हा समोरच्या मुलीला कोणते प्रश्न विचारतील आणि तिचे प्रश्न ऐकून घेतील काय, यावर या चित्रपटांचे खरे यश ठरणार आहे.