हॉलचा कायापालट: हिशेब ७,२२० रुपयांचा

आमचा हॉल दहा बाय बारा. ठरवलं होतं पाच हजारांत भागवायचं, आणि भागलंही असतं: ४,९८० रुपये. वरचे २,२४० घाईचे. दिवाळीच्या आत भिंत रंगवायची म्हणून ओल न बघताच रंग फासला. महिन्याभरात सोफ्यामागे पोपडे सुटले. प्लंबरने भिंतीपलीकडच्या बाथरूममधली गळती काढली, त्याचे १,५००, आणि पुन्हा रंग व प्रायमर, ७४०.

तेव्हा रंगाच्या दुकानात जाण्याआधी एक करा. जिथे शंका आहे तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस विसरून जा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरला तर ओल भिंतीत आहे. मग आधी गळती, नंतर भिंत पुरती वाळू देणं, आणि सगळ्यात शेवटी शेड कार्ड.

चारही भिंती रंगवायच्या भरीस पडू नका. दारातून आत येताना समोर दिसते ती एकच भिंत घ्या. बारा बाय नऊची भिंत म्हणजे १०८ चौरस फूट. साध्या इमल्शनचे दोन हात द्यायला दोन लिटर पुरतात. मला रंग ५६०, प्रायमर १८०, किलोभर पुट्टी ६०, आणि रोलर, ब्रश, पॉलिश पेपर, मास्किंग टेप मिळून ३५० पडले. हे साडेतीनशे कुणी धरत नाही. ‘घरीच करू, फुकट होईल’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. रोलर शेजारी मागून पाहा, बहुतेक घरांच्या माळ्यावर एखादा पडलेला असतो.

खरी मजा साडीत आहे. आईची एक जुनी रेशमी साडी ट्रंकेत होती. नेसवत नव्हती, देववतही नव्हती. आधी फॉल उसवा, मग कापड दोन्ही हातांत धरून हलकेच ताणून बघा. जुनं रेशीम घडीवर चिरतं, तेवढा भाग सोडून द्यायचा. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. लांबीतून १७ इंचांचा तुकडा आडवा कापला की सोळा इंची उशीचा एक अभ्रा होतो, चेनशिवाय, टोकं एकमेकांवर चढवून. दोन्ही टोकांना काठ असल्याने ती दुमडून शिवायलाही लागत नाहीत. शिंपी सवयीने ही उघडी बाजू मागे टाकतो आणि काठ सोफ्याकडे तोंड करून बसतो! त्याला सांगायचं, उघडी बाजू दर्शनी घे. सहा अभ्र्यांना तीन मीटरही साडी लागली नाही. शिलाई ५० प्रमाणे ३००, आतून अस्तर तीन मीटर १५०, फायबरच्या उशा १३० प्रमाणे ७८०. अस्तर टाळू नका, जुन्या रेशमाची शिवण त्याशिवाय टिकत नाही.

सोफ्याला मात्र हात लावू नका. नवं कापड, फोम, मजुरी धरली की सगळं बजेट तिथेच संपतं. त्यावर गोधडी टाका. आमच्याकडच्या सुती साड्या एका मावशींना दिल्या, त्यांनी धावदोरा घालून गोधडी शिवली, मजुरी ९००. इथे घासाघीस करू नये. एकेक ओळ हाताने घालायची तर किती दिवस बसावं लागतं, ते एक वीतभर शिवून बघितलं की कळतं. रंग जाणाऱ्या साड्या आधी वेगळ्या भिजवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी.

दिव्यासाठी बुरुडाकडून बांबूची टोपली आणली, १६० रुपये. तळाला भोक पाडून उलटी टांगली. होल्डर आणि वायर १४०, नऊ वॉटचे दोन वॉर्म व्हाइट एलईडी २००. एक टोपलीत, दुसरा ट्यूबच्या जागी. टोपलीत जुना तारेचा बल्ब चुकूनही लावू नका, तो तापतो. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनचे पैसे वेगळे धरा. संध्याकाळी हा दिवा लावला, तेव्हा घरातल्यांनी पहिल्यांदा ‘छान झालंय’ म्हटलं. रंगाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

रंगवलेल्या भिंतीवर एकच चित्र लावलं, वारली. छापील फ्रेम बाजारात ढिगाने मिळतात, पण पालघर-डहाणूकडचे कलाकार पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये भेटले, तर त्यांच्याकडून हातचं लहान चित्र घ्या. मला ८०० ला मिळालं. खरं-खोटं ओळखायला चित्र तिरकं धरून बघा: हाताने काढलेल्या पांढऱ्या रेषेची जाडी कमी-जास्त होते, नाचणाऱ्यांच्या ओळीत दोन माणसं हुबेहूब सारखी नसतात. फ्रेमवाल्याने आधी ९०० सांगितले, चित्राहून महाग. साधी सागरंगी पट्टी आणि पातळ काच घेतली, ४०० त झालं.