पाण्यावर धावणारा वारकरी

पैनगंगेकाठच्या किनवट परिसरात हिवाळ्यात तळ्यावर पांढऱ्या कपाळाचा काळा पक्षी दिसला, तर तो बहुधा वारकरी. (टाळ-मृदंग शोधू नका!) उडण्यापूर्वी तो पंख फडफडवीत पाण्यावर धावतो. का बरे? पंखांना हवेकडून मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास, पंख आखूड. मग वेग हवाच. बोटांच्या कडांवरील चपट्या पाळ्यांनी तो पाणी मागे रेटतो.

याच ‘फुलिका’ प्रजातीतील एक महाकाय जाती दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरच्या सरोवरांत राहते. वजन दोन किलोग्रॅमहून अधिक! सारी मापे दुप्पट केली, तर वजन आठपट होते, पंखांचे क्षेत्रफळ मात्र चौपटच. त्यात तिथली हवा विरळ. तिचे तरुण पक्षी उडतात. प्रौढांना ते जवळजवळ जमतच नाही.