गॅस इंजिन : ठिणगीवर चालणारे यंत्र

गॅस इंजिन म्हणजे वायुरूप इंधन आत जाळून चालणारे यंत्र. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार यांनी दगडी कोळशाच्या गॅसवर चालणारे इंजिन तयार केले. ते चालत असे, पण गॅस फार खाई. जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये गॅस व हवेचे मिश्रण आधी दाबून मग पेटवण्याची रीत यशस्वी केली. ओढणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर फेकणे, अशा दट्ट्याच्या चार फेऱ्या. आपली स्कूटर आजही याच क्रमाने चालते. म्हणजे पेट्रोल इंजिन हे गॅस इंजिनाचे धाकटे भावंड होय!

डिझेल नुसत्या दाबलेल्या गरम हवेत पेट घेते. मिथेन तसा सहज पेटत नाही, त्याला स्पार्क प्लगची ठिणगी लागते.

आपल्या इंदूरमध्ये देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा आहे. कचरा कुजून निघणाऱ्या गॅसमध्ये निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो, तो इंजिनाचे धातूचे भाग खातो. म्हणून गॅस आधी शुद्ध करतात. त्यावर शहरातील बसेस धावतात. घरी ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिक टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आता पालकांसाठी. सीएनजीची टाकी सुमारे २०० बार दाब सोसण्यासाठी जाड बनवलेली असते आणि तिची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो. स्वयंपाकाचा एलपीजी मात्र हवेपेक्षा जड. बंद गाडीत तो मुलांच्या पायाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते. तरीही काही व्हॅनवाले पैसे वाचवायला घरगुती लाल सिलिंडर सीटखाली ठेवून गाडी चालवतात. हा गुन्हा आहे. मुलांची व्हॅन कशावर चालते, हे चालकाला विचारा, मागची सीट उचलून स्वतः पाहा. टाकीच्या तपासणीची तारीखही मागा. चालक टाळाटाळ करू लागला, तर त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात कळवावे. तक्रार करणाऱ्याचे नाव बाहेर जाणार नाही.