माहितीवाहिनीवरील छोटे स्विच : मांडणी आणि पडताळणी

जालना हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी या शहराचे नाव राज्याबाहेर नेले आहे. येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत लोखंडी सळ्या तयार करण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो. भट्टीजवळ माणसाने सतत उभे राहणे शक्य नसते. म्हणून तापमान, वीजवापर, थंड पाण्याचा दाब इत्यादी मोजणारी उपकरणे नियंत्रण कक्षाशी तारेने जोडण्याची पद्धत अशा उद्योगांत रूढ झाली आहे. या उपकरणांवरील काही छोट्या स्विचांची मांडणी चुकली, तर लाखो रुपयांची यंत्रणा दिशाभूल करू शकते. प्रस्तुत लेखात या मांडणीची माहिती करून घेऊ.

दोन तारांची वाहिनी

अशा ठिकाणी बहुधा ‘आर. एस. ४८५’ या मानकाची वाहिनी वापरतात. हे मानक १९८३ साली प्रसिद्ध झाले. यात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्या विद्युतदाबातील फरकावरून संदेश ओळखला जातो. भट्टीमुळे निर्माण होणारा विद्युत उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. त्यामुळे फरक कायम राहतो व संदेश बिघडत नाही. कमी वेगाने ही वाहिनी सुमारे १,२०० मीटरपर्यंत काम देते. मूळ मानकानुसार तिच्यावर ३२ उपकरणे बसू शकतात. ती एकामागून एक जोडावयाची असतात. मधूनच लांब फाटे काढू नयेत.

पत्त्याची मांडणी

एकाच वाहिनीवर अनेक उपकरणे असल्याने प्रत्येकास स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो. १९७९ साली प्रचारात आलेल्या ‘मॉडबस’ या संदेशपद्धतीत १ ते २४७ हे पत्ते उपलब्ध असतात. अनेक उपकरणांवर पत्ता ठरविण्यासाठी आठ छोट्या स्विचांची एक ओळ असते. तिला डिप स्विच म्हणतात. स्विचांची किंमत क्रमाने १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ अशी धरतात. २१ हा पत्ता हवा असल्यास १ + ४ + १६ अशी फोड होते. म्हणजे पहिला, तिसरा व पाचवा स्विच चालू आणि उरलेले बंद ठेवावे लागतात. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या द्विमान संख्यापद्धतीचे याहून चांगले प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. मात्र काही उत्पादक क्रम उलटा धरतात. म्हणून उपकरणाची पुस्तिका प्रथम पाहावी.

पत्त्याखेरीज संदेशाचा वेगही जुळवावा लागतो. एक उपकरण सेकंदास ९,६०० बिट या वेगाने आणि दुसरे १९,२०० बिट या वेगाने बोलू लागले, तर त्यांचा संवाद होत नाही.

टोकाचा रोध

तारेच्या टोकावरून संदेश परत फिरू नये म्हणून वाहिनीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध लावतात. बऱ्याच उपकरणांत तो स्विचने चालू-बंद करता येतो. हा स्विच फक्त दोन टोकांच्या उपकरणांवर चालू असावा, मधल्या उपकरणांवर नसावा. याची परीक्षा सोपी आहे. सर्व उपकरणांचा वीजपुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मोजावा. उपकरणे थोडी असल्यास तो सुमारे ६० ओहम भरतो. १२० च्या आसपास भरल्यास एकच रोध लागलेला आहे; ४० च्या आसपास भरल्यास तिसरा कोठेतरी चुकून चालू राहिला आहे, असे समजावे.

खरा धोका कोठे?

दोन उपकरणांना एकच पत्ता दिला, तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि संदेश विस्कटतो. हा दोष लवकर उघडकीस येतो. परंतु पहिल्या व दुसऱ्या भट्टीच्या उपकरणांचे पत्ते अदलाबदल झाले, तर आकडे नियमित येत राहतात आणि सर्व काही सुरळीत भासते. पहिल्या भट्टीचे पाणी कमी झालेले असताना कामगार दुसऱ्या भट्टीकडे धावतात. मुके उपकरण लक्षात येते. दुसऱ्याच्या नावाने बोलणारे उपकरण लक्षात येत नाही.

म्हणून मांडणीनंतर पडताळणी अनिवार्य मानावी. भट्टी बंद असताना एकेका उपकरणाचा वीजपुरवठा काढावा आणि नियंत्रण कक्षात नेमका त्याचाच आकडा थांबतो काय, हे पाहावे. स्विच बदलण्यापूर्वी वीज बंद करावी. कित्येक उपकरणे नवी मांडणी पुन्हा वीज सुरू झाल्यावरच वाचतात. स्विच सरकविण्यासाठी शिसपेन्सिल वापरू नये, कारण तिची भुकटी वीजवाहक असते. शेवटी उपकरणाचे ठिकाण, पत्ता, वेग, रोधाची स्थिती आणि दिनांक यांची नोंद वहीत करावी व तिची प्रत पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावी.

हा धडा केवळ कारखान्यांपुरता नाही. नळपाणी योजनेतील पंपघर व टाकी यांवरील मापके अशाच वाहिनीने जोडलेली असू शकतात. टाक्यांचे पत्ते बदलले गेले, तर भरलेली टाकी वाहत राहील आणि दुसऱ्या वस्तीला पाणी मिळणार नाही. योजना ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने ठेकेदाराकडून स्विचांच्या मांडणीचा तक्ता मागून घ्यावा आणि वर सांगितलेली पडताळणी आपल्या समक्ष करवून घ्यावी. यास फारसा खर्च येत नाही. मात्र पुढे उपकरण बदलण्याची वेळ आली की हा एक कागद अत्यंत उपयोगी पडतो.