वळणाच्या गोष्टीसाठी राक्षसाची निवड

गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून "आता त्याने काय करावे?" असे वर्गाला विचारण्याची रीत आपल्या अनेक शिक्षकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मुले उत्साहाने उत्तरे देतात. परंतु गुरुजींची गोष्ट मात्र आधीच ठरलेल्या वाटेनेच पुढे जाते. वर्गाने दिलेल्या उत्तराप्रमाणे गोष्ट खरोखरच वळू लागली, म्हणजे ती वळणाची गोष्ट होय. अशी गोष्ट पुठ्ठ्याच्या सुट्या पानांवर लिहितात. प्रत्येक पानाच्या शेवटी दोन पर्याय असतात, व पर्यायाप्रमाणे कोणते पान उघडावयाचे त्याचा क्रमांक दिलेला असतो. ऐकणाऱ्याला प्रश्नात गुंतविण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे ११ व्या शतकात, आलेल्या वेताळाच्या कथा प्रत्येक वेळी प्रश्नापाशीच येऊन थांबतात. राजाने उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर जातो. तेथे उत्तराचे ओझे राजावर आहे. आपल्याला ते मुलांवर सोपवावयाचे आहे.

अशा गोष्टीत खलपात्र कोणते घ्यावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. पुष्कळ शिक्षक सहजपणे गावाजवळचे भूत घेतात. ओढ्याकाठचा मुंजा, पडक्या वाड्यातील हडळ, पिंपळावरचे खवीस ही नावे मुलांच्या ओळखीची असल्याने वर्ग चटकन रंगतो. माझे मत याच्या स्पष्टपणे विरुद्ध आहे. मुले त्या भुताला गोष्टीतले मानीत नाहीत, खरे मानतात. आणि गुरुजींनी वर्गात त्याचे नाव घेतले की त्या समजुतीवर शाळेचा शिक्का बसतो. दुसरे असे की, गावातील भुताची गोष्ट गावातील माणसाजवळ जाऊन पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. एखादी एकटी राहणारी म्हातारी, एखादे अबोल कुटुंब यांच्याकडे बोट दाखविले जाते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशा बोटांमुळे माणसांचे किती हाल होतात हे दिसून आल्यावरच. शाळेने त्या बोटाला बळ देऊ नये.

म्हणून खलपात्र असे असावे की, "हा अमुक कवीच्या अमुक काव्यातला आहे" असे मुलांना प्रारंभीच सांगता येईल. ज्याला कर्ता आहे, ज्याचा काळ सांगता येतो, त्याची भीती तासापुरती राहते. शिवाय फार जुन्या साहित्यातील पात्रावर कोणाचा प्रताधिकार उरलेला नसतो. आपल्या देशात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तोंडी सांगताना हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. परंतु हल्ली शिक्षक आपली पाने छापून वाटतात, भ्रमणध्वनीवरून इतर शाळांना पाठवितात, तेव्हा तो ध्यानात ठेवलेला बरा. मूळ पात्र मुक्त असले तरी त्याचे अलीकडील भाषांतर, त्याचे चित्र किंवा चित्रपट मुक्त असतोच असे नाही. पात्र मुळातून घ्यावे, शब्द आपले वापरावेत आणि चित्र वर्गातील मुलांकडून काढून घ्यावे.

आता निवडीकडे वळू. प्रसिद्ध राक्षसांत पहिले नाव बहुधा ड्रॅक्युलाचे निघते. ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी १८९७ सालची, आणि ते १९१२ साली वारले. वळणाच्या गोष्टीच्या दृष्टीने या पात्राचा मोठा गुण असा की, ते नियमांनी बांधलेले आहे. घरातील कोणी प्रथम बोलाविल्याखेरीज ते उंबरठा ओलांडू शकत नाही, आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही, विसाव्यासाठी त्याला आपल्या मायभूमीची माती लागते. त्याने इंग्लंडमध्ये मातीच्या ५० पेट्या नेल्या. पाठलाग करणाऱ्यांनी त्यांतील ४९ निकामी केल्या, आणि उरलेल्या एका पेटीच्या आधारे तो निसटला. नियम ठाऊक असले म्हणजे मुलाला विचार करून निवड करता येते. (सूर्यप्रकाशाने त्याचा नाश होतो ही समजूत मात्र कादंबरीतील नव्हे. १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने ती रूढ केली. कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाही फिरतो.) इतके असूनही रक्त पिणारे पात्र प्राथमिक वर्गांना देऊ नये. रात्री मुलांना घराबाहेर जावे लागते, हे शहरातल्या पुस्तकांना ठाऊक नसते. सातवी-आठवीत हवे तर त्याचा विचार करावा.

क्रीट बेटावरील मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा व माणसाच्या देहाचा राक्षस, भुलभुलैयात राहतो. मैदानावर फक्कीने भुलभुलैया आखता येतो, हा मोठा लाभ. परंतु तेथील निवड डावीकडे की उजवीकडे, एवढीच. कारणावाचून केलेली निवड ही सोडत होय. तिच्यातून विचाराला चालना मिळत नाही.

मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीतील प्राण्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. फ्रँकेन्स्टाइन हे नाव त्याचे नसून त्याला घडविणाऱ्या तरुणाचे आहे. त्या प्राण्याला नावच नाही. तो एका गरीब कुटुंबासाठी रात्री गुपचूप लाकडे आणून टाकतो. त्या घरातील आंधळा म्हातारा त्याच्याशी सौजन्याने बोलतो, आणि डोळस मुलगा त्याचे रूप पाहून त्याला मारतो. पुढे तो क्रूर होतो, खून करतो; परंतु त्याच्या क्रौर्याची सुरुवात कोठे झाली हे लेखिकेने लपविलेले नाही. अशा पात्राला केवळ कुरूप म्हणून खलपात्र करणे हा त्या पुस्तकावर अन्याय, आणि वर्गातही त्याचे परिणाम बरे होत नाहीत. एका शाळेत मी मुलांना "दुष्ट माणूस" काढावयास सांगितलेले पाहिले. निम्म्याहून अधिक चित्रांत चेहऱ्यावर व्रण होता. त्याच वर्गात गालावर भाजल्याची खूण असलेली एक मुलगी होती. तिने आपली पाटी उलटी घालून ठेवली होती.

या सर्वांचा विचार करता प्राथमिक शाळेसाठी मला ओडिसी या ग्रीक महाकाव्यातील पॉलिफेमस सर्वांत योग्य वाटतो. होमरच्या नावावर असलेले हे काव्य सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचे असून त्याच्या २४ सर्गांपैकी नवव्या सर्गात ही कथा येते. हा एक डोळ्याचा महाकाय धनगर गुहेत राहतो. मेंढ्यांचे व शेळ्यांचे दूध तो वेळच्या वेळी काढतो, प्रत्येक पिलू त्याच्या आईखाली सोडतो, अर्धे दूध फाडून टोपल्यांत निथळत ठेवतो व अर्धे पिण्यासाठी राखतो. ज्या गावात मेंढवाडा आहे तेथील मुलांना यातील एक शब्दही समजावून द्यावा लागत नाही. आपल्याकडे बकासुर असताना परदेशी राक्षस कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. बकासुराच्या कथेत तोडगा एकच आहे, भीमाचे बळ; आणि तो मुलांना ठाऊक असतो. पॉलिफेमसपुढे बळ चालत नाही.

ओडिस्यूस निवडक १२ साथीदारांसह गुहेत शिरतो, तेव्हा मालक बाहेर गेलेला असतो. येथे पहिले वळण आहे. साथीदार म्हणतात, चीज व कोकरे घेऊन निघू. ओडिस्यूस म्हणतो, थांबू, पाहुणचार होईल. मुले बहुधा पळण्याचा पर्याय घेतात, आणि गोष्ट पाच मिनिटांत संपते की काय अशी शिक्षकाला धास्ती वाटते. तेथे आडवाटेचे पान असे लिहावे की, चोरलेली कोकरे ओरडू लागली, परतणारा धनी समोरूनच आला व सर्वांना गुहेत घेऊन गेला. "कोकरे कोणाची होती?" हा प्रश्न मुले स्वतः काढतात.

दुसरे वळण: राक्षस विचारतो, तुमचे जहाज कोठे आहे? मूळ कथेत ओडिस्यूस ते फुटले असे खोटेच सांगतो. मुलांना खोटे बोलावयास शिकवावे काय, अशी शंका काही शिक्षक काढतील. शंका रास्त आहे. परंतु ती आपण न सोडविता वर्गापुढे ठेवावी. खरे सांगितल्यास जहाजावर राहिलेल्या माणसांचे काय होईल, ते आडवाटेच्या पानावर लिहावे.

तिसरे वळण सर्वांत मोलाचे. राक्षसाने दाराशी प्रचंड शिळा लोटली आहे. २२ गाड्यांनीही ती हलली नसती असे कवी सांगतो. त्याने दोघांना खाल्ले व तो झोपला. (हे एका वाक्यात सांगावे, वर्णन करू नये.) आता तलवारीने त्याला ठार करावे काय? जवळजवळ सगळा वर्ग "होय" म्हणून ओरडतो. त्यांना ते करू द्यावे. पुढचे पान उघडते: राक्षस मेला, आणि शिळा जागची हलत नाही. वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी म्हणते, गुरुजी, मागच्या पानावर जाऊ या. चूक दाखवून देण्याचे काम येथे शिळेनेच केलेले असते.

चौथे वळण नावाचे. राक्षसाला मद्य पाजल्यावर तो नाव विचारतो, आणि ओडिस्यूस आपले नाव "कोणी नाही" असे सांगतो. मद्याचा उल्लेख गाळू नये. त्याने माणसाचे काय होते हे आपल्या मुलांना आपल्याहून कमी ठाऊक नाही. राक्षसाचा डोळा फुटल्यावर शेजारचे राक्षस गुहेबाहेरून विचारतात, "कोण मारतो आहे तुला?" तो ओरडतो, "कोणी नाही!" आणि ते निघून जातात. मराठीत हा श्लेष उत्तर तेवढ्यावरच थांबले तर साधतो. "कोणी नाही मला मारतो आहे" असे पूर्ण वाक्य केले की क्रियापद गुपित फोडते. हे दोन्ही प्रकार फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. नकारार्थी वाक्याचा इतका चांगला पाठ क्रमिक पुस्तकात सापडणार नाही.

सुटकेचा भाग वळणाशिवाय सांगावा, पण हिशेबासह. राक्षसाने तीन वेळा दोन-दोन माणसे खाल्ली. १२ पैकी किती उरली? प्रत्येक माणूस तीन एडक्यांच्या रांगेत मधल्याच्या पोटाखाली बांधला, आणि ओडिस्यूस सर्वांत मोठ्या एडक्याची लोकर धरून लोंबकळला. एकूण एडके किती? उत्तर १९ येते.

पाचवे वळण जहाजावरचे. सुटल्यावर ओरडून आपले खरे नाव सांगावे, की गप्प राहावे? ओडिस्यूस ओरडतो, आणि त्या नावानेच पॉलिफेमस आपला पिता, समुद्रदेव पोसायडन, याच्याकडे शाप मागतो. त्याची घरवापसी वर्षानुवर्षे लांबते व सगळे साथीदार नष्ट होतात. येथे दोन्ही पर्यायांना आपापला शेवट द्यावा. गप्प राहणाऱ्याला घर लवकर मिळते, पण त्याचे नाव कोणाला कळत नाही. मी पाहिलेल्या वर्गांत येथे मते दुभंगली, आणि वाद मधल्या सुटीतही चालू राहिला.

पानांच्या संख्येविषयी सावध असावे. पाच वळणे घेऊन प्रत्येक फाटा स्वतंत्र ठेवला, तर १, २, ४, ८, १६, ३२ अशी ६३ पाने होतात व शिक्षक तिसऱ्या वळणावरच थकतो. म्हणून आडवाट एक-दोन पानांनंतर मुख्य वाटेला आणून मिळवावी. मुख्य वाटेची ६ आणि प्रत्येक आडवाटेची २, अशी १६ पाने पुरतात. गटाने कारण सांगितल्यावाचून पान उघडू नये, हा एकच नियम कडक असावा.

दोन गोष्टी राहिल्या. पॉलिफेमसचा एक डोळा हे त्याच्या दुष्टपणाचे लक्षण नव्हे. दारी आलेल्या पाहुण्याला खाणे हा त्याचा अपराध होय. मुलांनी "तो दुष्ट का?" या प्रश्नाचे उत्तर कृतीच्या शब्दांत द्यावे असा आग्रह धरावा. ज्या वर्गात डोळ्याने अधू मूल असेल तेथे ही गोष्ट मुळीच घेऊ नये. तेथे मिनोटॉरच बरा, त्याच्या वळणांना कारणे आपण जोडावीत.

दुसरी गोष्ट आंधळ्या राक्षसाच्या एडक्याविषयी. ज्याच्या पोटाखाली ओडिस्यूस लपला आहे तो एडका सर्वांत शेवटी, जड पावलांनी बाहेर पडतो. नेहमी पुढे धावणारा तू आज मागे का, धन्याच्या डोळ्याचे दुःख तुला झाले काय, असे पॉलिफेमस त्याच्या पाठीवरून हात फिरवीत विचारतो. हा भाग घाईने उरकू नये. तो वाचून झाल्यावर काही क्षण प्रश्न न विचारता थांबावे. आणि चौथी-पाचवीच्या मुलांना पुढील तासाला हीच गुहेतील रात्र एडक्याने सांगितल्याप्रमाणे दहा ओळींत लिहावयास द्यावी.