साठीनंतर क्लिपलेस पेडल?

प्रश्न : वय ६१. रोज सकाळी सायकल चालवतो. मित्र क्लिपलेस पेडल घ्या म्हणतात. सिग्नलला पाय सुटलाच नाही तर?

उत्तर : भीती रास्त आहे. नवखा माणूस पडतो तो बहुधा थांबताना. म्हणून तीन स्क्रूंच्या रोड क्लीटऐवजी (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बसणारी, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) शिमानोची दोन स्क्रूंची एसपीडी पेडल घ्या, सोबत एसएच-५६ क्लीट. नेहमीची एसएच-५१ टाच बाजूला वळवल्यावरच सुटते; ही जोरात वर ओढली तरी सुटते. स्प्रिंगचा स्क्रू ३ मिमी ॲलन कीने पार सैल करा. आधी भिंतीला धरून सराव, आणि रस्त्यावर ब्रेक दाबण्याआधीच पाय मोकळा. गुडघा कुरकुरला तर क्लीटचा कोन तपासा. हाडं ठिसूळ असतील तर मात्र पिनांची सपाट पेडलंच बरी, दुकानदार काहीही सांगो.